टर्बोची शिट्टी: कोणता आवाज चालेल आणि कोणत्या आवाजाला गाडी बाजूला घ्यायची

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावले असतील तर उत्तम, कारण आजचा भाग सगळा कानाचा आहे. विषय आहे ट्रकचा टर्बो. त्याचा आवाज बदलला की काय समजायचं, कुठून तपासायला सुरुवात करायची, आणि कुठल्या आवाजाला एक किलोमीटरसुद्धा पुढे जायचं नाही.

हा विषय घ्यायचं कारण सांगतो. आवाज आला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, “टर्बो गेला, नवीन टाका.” नवीन टर्बो म्हणजे पाच आकडी बिल. स्वतःची एकच गाडी असलेल्या माणसाचा महिन्याचा हप्ता त्यातच जातो. आणि बऱ्याचदा टर्बो गेलेलाच नसतो. आता उलटी बाजूही बघा. खरंच टर्बो जात असताना “चालतंय की अजून” म्हणून गाडी ओढली, तर टर्बोबरोबर इंजिन जाऊ शकतं. दोन्हीकडे नुकसान आहे. म्हणून ओळखता आलं पाहिजे.

आधी टर्बो करतो काय ते बघू

इंजिनातून जळून बाहेर पडणारा धूर गरम असतो आणि जोरात येतो. एरवी तो सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बो त्या धुराच्या वाटेत एक पंखा ठेवतो. धुराने हा पंखा फिरतो, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, आणि तो बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणजे डिझेल नीट जळतं, म्हणजे ताकद जास्त. ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचं पेटंट घेतलं.

आता आकडे ऐका, म्हणजे आवाज का येतो ते कळेल. ट्रकचं इंजिन जोरात पळतं तेव्हा दोन-अडीच हजार आरपीएमला असतं. टर्बोचा शाफ्ट त्याच वेळी ८०,००० ते १,२०,००० आरपीएमने फिरत असतो. एका बाजूला ५०० ते ७०० अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि मध्ये तो शाफ्ट इंजिन ऑइलच्या केसापेक्षा पातळ थरावर तरंगतोय. बॉल बेअरिंग बहुतेक ट्रकच्या टर्बोत नसतं. साधे बुश असतात आणि सगळा भार ऑइलवर. ऑइल दोन सेकंद कमी पडलं तरी धातू धातूला घासायला लागतो.

आणि तयार होणारं हवेचं प्रेशर? लोडवर साधारण दीड ते अडीच बार. कारच्या टायरमध्ये जेवढी हवा भरतो, जवळपास तेवढं प्रेशर त्या रबरी होज पाइपांमध्ये असतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिला प्रश्न: आवाज टर्बोचाच आहे का?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. केबिनखालून आवाज आला की टर्बोवर बिल फाडायचं. तर तीन साध्या परीक्षा सांगतो.

एक. इंजिन बंद केल्यावरही सुस्स आवाज येतोय? मग तो टर्बोचा नाही. इंजिन बंद, टर्बो बंद. ती एअर ब्रेकची हवा गळतेय. टर्बोपेक्षा हे जास्त गंभीर आहे, ते आधी बघा. ब्रेकच्या हवेशी खेळ नको.

दोन. गाडी उभी, न्यूट्रलला. कुणाला तरी रेस द्यायला सांगा आणि एकदम सोडायला सांगा. आवाज इंजिनाबरोबर लगेच खाली आला तर संशय बेल्ट, अल्टरनेटर, वॉटर पंप, टेन्शनरच्या बेअरिंगवर. कारण ते सगळे इंजिनाला बांधलेले आहेत, इंजिन जेवढं फिरेल त्याच प्रमाणात ते फिरणार. टर्बो इंजिनाला कशानेही बांधलेला नाही. तो फक्त धुरावर फिरतो. म्हणून रेस सोडल्यावर त्याचा आवाज क्षणभर रेंगाळतो, मग उतरतो. चढतानाही तो इंजिनाच्या थोडा मागून चढतो. एकदा कान बसला की हा फरक अगदी स्पष्ट कळतो.

तीन. आवाज रिकाम्या गाडीला येतो की भरलेल्या? सपाट रस्त्याला की चढाला? उभ्या गाडीत टर्बो जवळपास प्रेशर बनवतच नाही. त्यामुळे “गॅरेजला नेली की आवाज येत नाही” ही तक्रार खोटी नसते. तिथे गाडीवर लोडच नसतो, तर आवाज येणार कुठून?

आता आवाज एकेक करून

*बारीक, एकसारखी शिट्टी.* चढाला रेस दिल्यावर चढत जाणारी, सोडल्यावर उतरणारी. हा टर्बोचा नेहमीचा आवाज. गाडी नवीन घेतली तेव्हापासून असेल आणि पिकअप, ॲव्हरेज, ऑइल सगळं ठीक असेल, तर काही करायचं नाही. बदल मात्र टिपा. कालपर्यंत केबिनमध्ये न येणारी शिट्टी आज काच बंद असताना ऐकू येत असेल, तर काहीतरी बदललंय.

*सुस्स, हवा सुटल्यासारखा.* फक्त लोडवर येतो, सोबत पिकअप कमी होतो. ही दाबलेली हवा गळतेय. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जे होज पाइप आणि क्लिप आहेत, तिथे कुठेतरी. जुन्या गाडीत सोबत काळा धूर दिसतो, कारण डिझेल तेवढंच पडतंय आणि हवा कमी पोचतेय. बीएस-६ गाडीत काळा धूर दिसेलच असं नाही, तो पुढच्या फिल्टरमध्ये अडकतो. तिथे लक्षण वेगळं: तो फिल्टर लवकर भरतो आणि तो साफ करायची सूचना डॅशबोर्डवर वारंवार यायला लागते. बीएस-६ गाड्या देशभर १ एप्रिल २०२० पासून आल्या, तेव्हा गाडी कोणत्या बाजूची आहे ते मॉडेल बघून ठरवा.

*टिक-टिक किंवा फट-फट.* थंड इंजिनाला जोरात, गरम झाल्यावर कमी किंवा गायब. ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पॅकिंग. धातू गरम होऊन फुगतो आणि फट बुजते, म्हणून आवाज दबतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरची पॅकिंग गळत असेल तर ७०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला साधारण ६ टिक ऐकू येतात. शिट्टी नाही, ठोका. जॉइंटच्या आसपास काजळीची काळी रेघ दिसली की नक्की. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. टर्बोला फिरवायचा धूर आधीच बाहेर पडतोय, ताकद कमी होतेय, आणि तो धूर केबिनमध्ये शिरू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रात्री गाडीत झोपणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवा.

*फड-फड किंवा घोगरं भुंकल्यासारखं.* चढाला जोर लावताना किंवा गिअर बदलायला एकदम रेस सोडताना. दाबलेली हवा पुढे जायला जागा न मिळाल्याने उलट पंख्यावर आपटतेय. लोडवर रेस सोडताना एखाद्या वेळी हलकासा आला तर ठीक. जोर लावलेला असतानाच सतत येत असेल तर एअर फिल्टर चोक झालाय का, इंटरकूलर आत तुंबलाय का, आणि टर्बोत हलणारी पाती असतील तर ती काजळीने अडकलीत का, ते बघा.

*पत्रा थरथरल्यासारखा खडखडाट.* ठरावीक रेसलाच येतो. बऱ्याचदा टर्बोवरचा उष्णतेचा पत्रा किंवा त्याचा बोल्ट सैल असतो. वेस्टगेटची झडप ढिली असली तरी असाच आवाज येतो. पत्रा काढून किंवा घट्ट करून बघा. तेवढ्यात आवाज गेला तर खर्च शून्य.

*सायरन.* पोलिसांच्या गाडीसारखा रडका, चढणारा-उतरणारा, नेहमीच्या शिट्टीपेक्षा खूप मोठा. पंख्याची पाती वाकलीत, तुटलीत किंवा शाफ्टचा तोल गेलाय, असा संशय. मात्र होज पाइपला बारीक चीर असेल तरी हवा तिथून सुटताना असाच किंचाळते. म्हणून उघडून बघितल्याशिवाय निकाल नाही.

*घासल्याचा, किरकिर आवाज.* धातू धातूला लागतोय. इथे चर्चा संपली. गाडी सुरक्षित जागी बाजूला, इंजिन बंद, टो व्हॅन. का ते पुढे सांगतो.

खंबाटकीचा सायरन

एका श्रोत्याने रेकॉर्डिंग पाठवलं होतं. २०१८ ची सेकंडहँड बारा चाकी, चाकण ते कोल्हापूर पत्र्याचा माल. “दादा, खंबाटकीच्या चढाला गाडी सायरन मारते. गॅरेजवाला म्हणतो टर्बो बसला. हप्ता भरू की टर्बो टाकू?”

मी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. परतीला रिकामी गाडी आणताना आवाज येतो का? नाही. काळा धूर? हो, चढाला भरपूर. इंजिन ऑइल कमी होतंय का? नाही, डिपस्टिकवर लेव्हल जागच्या जागी, आणि निळा धूरही नाही.

ऑइल खात नाही, निळा धूर नाही, फक्त लोडवर आवाज आणि सोबत काळा धूर. हे सगळं हवेच्या गळतीकडे बोट दाखवतं. त्याला म्हटलं, भावा, नवीन टर्बोचा ॲडव्हान्स देऊ नकोस, आधी प्रत्येक होज पाइप हाताने खालून चाचप. वरून नुसतं बघू नकोस. इंटरकूलरकडे जाणारा पाइप एका ब्रॅकेटवर खालच्या बाजूने घासून चिरला होता. गाडी उभी असताना चीर मिटलेली, प्रेशर आलं की उघडायची आणि किंचाळायची. नवीन होज आणि दोन क्लिप, शिवाय ब्रॅकेट थोडा वाकवून घेतला. सायरन गेला.

म्हणजे प्रत्येक वेळी होजच असतो असं नाही हं. मुद्दा असा की स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी तपासायच्या, आणि प्रत्येक उत्तराने एकेक शक्यता खोडायची. शिवाय हवा गळत असताना तसंच चालवत राहिलात, तर तेवढंच काम करायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. आजचा फाटलेला होज उद्याचा खराब टर्बो होऊ शकतो.

तपासायचा क्रम

इंजिन पूर्ण थंड. चावी काढून खिशात. केबिन उचलायची असेल तर लॉक लागल्याची खात्री. मग:

१. एअर फिल्टर काढून बघा. मळलाय का, फाटलाय का, नीट बसलाय का.

२. फिल्टर ते टर्बो, टर्बो ते इंटरकूलर, इंटरकूलर ते इंजिन, हे सगळे पाइप चाचपा. सांध्यावर तेलकट धूळ साचली असेल तर हवा तिथून सुटतेय.

३. कळत नसेल तर प्रेशर टेस्ट करून घ्या. इंटरकूलर आणि त्याचे पाइप दोन्ही टोकांना बंद करून आत हवा भरतात आणि वरून साबणाचं पाणी मारतात. जिथे फेस, तिथे गळती. पण टायरमध्ये हवा भरायची नळी थेट लावायची नाही. रेग्युलेटर हवाच, आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढंच प्रेशर. लावलेलं झाकण सुटलं तर गोळीसारखं येतं, त्याच्या समोर उभं राहू नका.

४. आता टर्बोचा हवेकडचा पाइप काढा आणि मोबाइलच्या टॉर्चने पंखा बघा. पाती सरळ आहेत? कडा तुटल्यात? बाजूच्या हाउसिंगला घासल्याची चकाकी आहे? यातलं काहीही दिसलं तर टर्बो उतरवायचाच.

५. पंखा बोटाने फिरवा. अडकता कामा नये. मग शाफ्ट बाजूला ढकलून फिरवा. इथे थोडा प्ले असतोच, कारण ऑइलचा थर आत्ता नाहीये. घाबरू नका. ढकललेला असताना पंखा हाउसिंगला लागतो का, तेवढं बघा. नंतर शाफ्ट आत-बाहेर ओढून बघा. या दिशेने हाताला प्ले जवळपास जाणवायला नको. स्पष्ट जाणवला तर थ्रस्ट बेअरिंग गेलंय. नेमकं माप डायल गेजने घेतात आणि मॅन्युअलशी ताडतात.

६. पाइपात ऑइल आहे? पातळ ओलावा अनेक गाड्यांत असतो, तो इंजिनाच्या ब्रीदरमधून येतो. तळं साचलं असेल तर गडबड.

मोबाइलचा नीट वापर

तुमच्या खिशात चांगलं यंत्र आहे, फक्त वापर चुकतो. कॉलवर आवाज ऐकवू नका. माणसाचं बोलणं स्पष्ट यावं म्हणून फोन सतत येणारा आवाज दाबतो, आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. साधा व्हिडिओ काढा. एक आयडलला, एक रेस देऊन सोडताना, एक चढाला केबिनमधून. चढाचा व्हिडिओ शेजारी बसलेल्याने काढायचा, चालवणाऱ्याने नाही. व्हिडिओत टॅकोमीटर दिसू द्या.

थोडी गंमत करायची असेल तर आवाजाच्या लहरी दाखवणारं एखादं फुकट ॲप घ्या. हिशोब सोपा आहे. शाफ्ट १,००,००० आरपीएमला असेल तर सेकंदाला साधारण १,६६७ फेऱ्या. शाफ्टचा तोल गेला असेल तर स्क्रीनवर त्याच्या जवळपास, म्हणजे १,६०० ते १,७०० हर्ट्झला, एक ठळक रेघ दिसते आणि रेसबरोबर वर-खाली होते. सहा सिलिंडरचं इंजिन २,००० आरपीएमला फक्त १०० हर्ट्झचा धडधडाट करतं. म्हणजे इंजिन तळाशी, टर्बो वर. ॲपने निदान होत नाही, पण मिस्त्रीशी बोलताना “कसलासा आवाज येतो” यापेक्षा बरंच पुढचं बोलता येतं. गाडी धडधाकट असताना एक रेकॉर्डिंग काढून ठेवा. तुलनेला तेच सगळ्यात कामाचं.

किरकिर आली की थांबायचं, ते का

घासणारा पंखा तुटला तर त्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये, तिथून इंजिनात. हा एक धोका. दुसरा त्याहून मोठा. टर्बोचं ऑइल सील फुटलं तर इंजिनाचं ऑइल हवेबरोबर आत ओढलं जातं. डिझेल इंजिनाला ऑइलसुद्धा इंधन म्हणून चालतं. मग इंजिन आपोआप रेस घेतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. चावी डिझेल बंद करते, ऑइल नाही. अशा वेळी मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर पूर्ण ब्रेक दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. ते जमलं नाही तर उतरा, लांब जा, लोकांना लांब करा. हवेच्या पाइपवर हात किंवा कापड धरायला जाऊ नका, ते आत ओढलं जातं.

म्हणून निळा धूर, ऑइलची लेव्हल झपाट्याने खाली आणि किरकिर, या तिघांतलं काही दिसलं तर घाट चढायचाही नाही, उतरायचाही नाही.

टर्बो खरंच गेला असेल तर

नवीन बसवण्याआधी एकच प्रश्न विचारा: जुना का गेला? टर्बो सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला कुणीतरी मारतं. ऑइलचा पाइप चोक होता का, परतीचा पाइप दबला होता का, ऑइल जुनं किंवा घाण होतं का, फिल्टरमधून माती आत गेली का. कारण तसंच ठेवून नवीन बसवलात, तर तोही त्याच वाटेने जाणार आणि वॉरंटीवरून भांडण वेगळं. ऑइलच्या जॉइंटला चिकट सीलंट लावू देऊ नका, त्याचा कण सुटून ऑइलची वाट बंद करतो. पाती तुटली असतील तर इंटरकूलर आतून साफ किंवा नवीन. आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी टर्बोत ऑइल भरून घ्यायला सांगा, कोरडा फिरवू नका.

रोजच्या दोन सवयी. सकाळी चालू केल्यावर अर्धा-एक मिनिट रेस नको, ऑइल वरपर्यंत पोचू दे. आणि घाट चढून ढाब्यावर थांबलात की दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून मग बंद करा. लगेच बंद केलं तर लाल तापलेल्या टर्बोत ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. चहाची ऑर्डर द्या, तेवढ्यात होतं.

गॅरेजमध्ये शिरल्यावर “टर्बो बघा” म्हणू नका. असं सांगा: आवाज लोडवर येतो, सुस्स असा आहे, काळा धूर आहे, ऑइल जागेवर आहे, होज तपासलेत. आणि जुना पार्ट काढला तर तो हातात मागा. चांगला मिस्त्री स्वतःच पंखा दाखवून समजावतो.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गाडीचा आवाज असेल तर व्हिडिओ पाठवा, सोबत मॉडेलचं वर्ष, लोड किती आणि चढ कुठला ते लिहा. पुढच्या भागात निवडक आवाज एकत्र ऐकू. सांभाळून चालवा!